स्लीटर-किनी हा बँड ऑलिम्पियासारख्या लहान शहरातून इतका वर कसा आला?

प्रश्न

नमस्कार. गेले दोन महिने मी स्लीटर-किनी या अमेरिकी बँडचे अल्बम प्रकाशनाच्या क्रमाने ऐकत आहे. कॉरिन टकर आणि कॅरी ब्राउनस्टीन या दोघींनी १९९४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील ऑलिम्पिया येथे हा बँड सुरू केला आणि २००१ मध्ये समीक्षक ग्रील मार्कस यांनी ‘टाइम’ साप्ताहिकात त्याला अमेरिकेतील सर्वोत्तम रॉक बँड ठरवले. मधल्या काळात त्यांच्या पाठीशी एकही बडी रेकॉर्ड कंपनी नव्हती. माझा एक मित्र म्हणतो की, बँडमध्ये सगळ्या स्त्रियाच असल्यामुळे लोकांनी कुतूहलाने पाहिले आणि त्यातूनच नाव झाले. मला ते पटत नाही, परंतु त्याला उत्तर देण्याइतकी माहितीही माझ्यापाशी नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

आपल्या मित्राचे म्हणणे निदान ऑलिम्पियाला तरी लागू पडत नाही, कारण हातात गिटार घेतलेली मुलगी ही तेथे त्या वेळी नवलाची गोष्ट उरलेली नव्हती. बिकिनी किल हा मुख्यतः मुलींचा बँड तेथेच १९९० मध्ये सुरू झाला होता. ऑगस्ट १९९१ मध्ये के रेकॉर्ड्स या स्थानिक कंपनीने शहरात एक संगीतमेळा भरवला आणि त्याची पहिली रात्र केवळ स्त्रियांच्या बँडसाठी राखून ठेवली. टकर यांचा आधीचा बँड, हेवन्स टू बेट्सी, त्याच रात्री पहिल्यांदा लोकांसमोर उभा राहिला. पहिलाच कार्यक्रम, सुरांवर अजून पक्की पकड नाही, आणि समोर मात्र मुलींचे गाणे ऐकायचे असे ठरवूनच आलेले श्रोते: कोणत्याही नवख्या कलावंताला याहून मोठा आधार मिळू शकतो, असे मला वाटत नाही.

हे वातावरण आपोआप तयार झालेले नव्हते. ऑलिम्पियातील एव्हरग्रीन स्टेट कॉलेजमध्ये गुणांऐवजी लेखी अभिप्राय देण्याची पद्धत असल्याने रूढ चाकोरीबाहेर काही करू पाहणारी मुले-मुली तेथे येत. त्याच कॉलेजच्या केएओएस या रेडिओ केंद्राने ८० टक्के संगीत स्वतंत्र कंपन्यांचे असावे असे धोरणच ठेवले होते. शिवाय मुली हाताने लिहून, झेरॉक्स काढून लघुनियतकालिके वाटत. त्यांत बँडविषयी तर असेच, पण घरी आणि रस्त्यावर सोसाव्या लागणाऱ्या गोष्टींविषयीही असे. गाणे ऐकायला येणारी मुलगी ते वाचून आलेली असे, त्यामुळे गाण्याचा विषय तिला नव्याने समजावून सांगावा लागत नसे. ब्राउनस्टीन यांचा एक्सक्यूज १७ हा बँडही याच वर्तुळातला. या दोघींनी आधी आपापले बँड सांभाळूनच एकत्र वाजवायला सुरुवात केली, आणि शेजारच्या लेसी गावात ज्या रस्त्यालगत त्या सराव करत, त्याचेच नाव बँडला दिले.

प्रतिसाद २

मी स्वतः गिटार वाजवते, म्हणून केवळ वादनाबद्दल लिहिते. त्या काळी या बँडमध्ये बेस गिटार, म्हणजे खालचे, जाड सूर देणारी गिटार, नव्हती. दोन गिटार आणि ड्रम, एवढाच पसारा. बेसची पोकळी भरून काढण्यासाठी दोघीही गिटारच्या तारा नेहमीपेक्षा दीड स्वराने उतरवून लावतात, म्हणजे सर्वांत जाड तार ई या पाश्चात्त्य स्वराऐवजी त्याच्या खालच्या सी शार्पवर येते. हे मी स्वतः करून पाहिले आहे. तार इतकी सैल पडते की बोट जरा जोराने दाबले तरी सूर वर सरकतो आणि तार परद्यावर (गिटारच्या दांड्यावरील धातूच्या पट्टीवर) खरखरू लागते. त्या ढिल्या तारांवर दोघी एकमेकींपासून अगदी वेगळ्या ओळी वाजवतात, कोणी मुख्य आणि कोणी साथीला असा भेद ठेवत नाहीत, आणि वरून दोन गळे एकाच वेळी वेगवेगळे शब्द गात असतात. टकर यांचा कंपित, धारदार आवाज काहींना सुरुवातीला सहन होत नाही. मलाही झाला नव्हता.

ड्रमवर मात्र सुरुवातीला माणसे बदलत राहिली. १९९६ मध्ये जॅनेट वाइस आल्या आणि पुढच्याच वर्षी ‘डिग मी आउट’ प्रसिद्ध झाला. त्याच्या आधीचा अल्बम आणि हा, असे लागोपाठ ऐकून पाहा. गिटारच्या दोन ओळी एकमेकींपासून निसटू लागल्या की वाइस यांचा हात त्यांना कसा आवरून धरतो, ते लगेच कानात भरते. कुतूहल पहिल्या कार्यक्रमाला माणूस आणू शकेल, पण हे ऐकण्यासाठी पुन्हा पुन्हा आणू शकणार नाही.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, परंतु पहिल्याशी माझा थोडा मतभेद आहे. ज्या वर्तुळाने आधार दिला, त्याच वर्तुळातले हेवन्स टू बेट्सी आणि एक्सक्यूज १७ हे दोन्ही बँड १९९५ उलटण्यापूर्वीच बंद पडले. त्यामुळे सारे श्रेय शहराला देता येणार नाही. माझ्या मते, या दोघी योग्य वेळी शहराबाहेर पडल्या, हे अधिक महत्त्वाचे आहे. पहिला अल्बम त्यांनी ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला जाऊन तेथील ड्रमवादक लॉरा मॅकफार्लेन यांच्यासह ध्वनिमुद्रित केला. कंपन्या मात्र त्यांनी छोट्याच ठेवल्या: पहिले दोन अल्बम डॉना ड्रेश यांच्या चेनसॉ या छोट्या कंपनीने काढले, आणि नाव झाल्यावरही १९९७ ते २००२ या काळातील चारही अल्बम ऑलिम्पियाच्याच किल रॉक स्टार्सकडे दिले. २००३ मध्ये पर्ल जॅम या मोठ्या रॉक बँडच्या आधी, हजारोंच्या प्रेक्षागृहांत वाजवले, तेव्हाही कंपनी तीच होती.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. प्रतिसाद २ मध्ये सुचवल्याप्रमाणे १९९६ चा अल्बम आणि ‘डिग मी आउट’ काल रात्री लागोपाठ ऐकले. ड्रममधला फरक दुसऱ्याच गाण्यापर्यंत माझ्याही कानाला कळला. सी शार्पला लावलेल्या गिटारवर यांपैकी कोणते गाणे शिकायला आधी घ्यावे, हेही कृपया सांगाल का?