दमा की सीओपीडी: रक्तातल्या इओसिनोफिलवरून ठरवायचं का?

रानवारा: आई ६३ वर्षांची, विडीला कधी हात लावला नाही, पण ३५ वर्षं चुलीपुढे गेली. जिना चढली की धाप लागते. गावाकडच्या डॉक्टरांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, बघितली, इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ६ टक्के, म्हणाले दमाच. पुण्यातले म्हणतात सीओपीडी, म्हणजे धुराबिराने श्वासनळ्या कायमच्या अडतात तो आजार. मला तर रक्ताची तपासणीच पटते. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून फुप्फुसाची ताकद मोजतात त्यात, तिला तीनतीनदा फुंकायला लावलं, तो पोरगा "अजून अजून अजून, सोडू नका" ओरडतोय आणि आईला मधेच हसू फुटलं, असल्या फुंकरीवर काय विश्वास ठेवायचा?

स्लाइडवाला: अजिबात पटलं नाही. मी लॅबमध्येच आहे. टक्के सोडा, ॲब्सोल्यूट काउंट बघा, म्हणजे एका मायक्रोलिटर रक्तात प्रत्यक्ष किती पेशी, एकूण पांढऱ्या पेशी ७००० असतील तर ६ टक्के म्हणजे ४२०. आणि ४२० तर जंतांनीही होतात हो. हत्तीरोगाच्या जंतांमुळे फुप्फुसाचा एक आजार होतो त्यात ३००० च्या वर जातात, तिथेही रात्रीचा खोकला आणि छातीत शिट्टी, सेम टू सेम दमा. उलट आधी स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या असतील तर खऱ्या दम्यातही आकडा खाली येतो.

कोकणी_मेवा: मग फेनो करा ना, श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड मोजतात ते. मोठ्या माणसात ५० पीपीबीच्या (अब्जात ५० भाग) वर गेलं की ॲलर्जीवाली सूज, विषय संपला.

स्लाइडवाला: कुठला संपतोय. सिगारेट ओढणाऱ्यात फेनो मुळातच कमी येतं, आणि सीओपीडीवाले बरेचसे तेच.

धापवाला_मास्तर: दोघंही नावासाठी भांडताय. मी स्वतः सीओपीडीवाला, माझे इओसिनोफिल ३०० च्या वर. वारंवार त्रास उसळत असेल तर अशा पेशंटला पंपातल्या स्टेरॉइडचा फायदा होतो, १०० च्या खाली असेल तर फारसा नाही, वर न्यूमोनियाची भीती. म्हणजे आकडा औषध ठरवायला कामाचा, आजाराचं नाव ठरवायला नाही. दम्यात वापरतात ते डुपिलुमॅब इंजेक्शन २०२४ मध्ये अमेरिकेत इओसिनोफिल वाढलेल्या सीओपीडीलाही मंजूर झालं, आता बोला!

कोकणी_मेवा: मास्तर, मग तुम्हीच माझी बाजू घेतली की. औषध एकच तर नावाला काय चाटायचंय?

धापवाला_मास्तर: असं नाही रे बाबा. दम्यात पंपातलं स्टेरॉइड सोडून नुसतं श्वासनळी मोकळी करणारं औषध लांब पल्ल्याने घेणं धोक्याचं, सीओपीडीत तसं चालतं. नाव लागतंच. रानवारा, स्पायरोमेट्रीत नळ्या मोकळ्या करणारा फवारा दिल्यानंतरचा रेशो, म्हणजे पहिल्या सेकंदातली हवा भागिले एकूण फुंकलेली हवा, किती आला?

रानवारा: ०.६२. फवाऱ्याने पहिल्या सेकंदातल्या हवेत ९० मिली वाढ झाली म्हणे.

स्लाइडवाला: ०.७० च्या खाली म्हणजे नळ्या अडलेल्याच. १२ टक्के आणि २०० मिली वाढ झाली असती तर दम्याकडे झुकलो असतो. पण एका दिवसाच्या फुंकरीने दमा बाद होत नाही, त्यात तुमच्या आई हसल्या! लहानपणी शिंका, रात्री धाप असं काही होतं का विचारा, आणि टेस्ट परत करा.

रानवारा: विचारतो. आत्ता फाइल काढली, ॲब्सोल्यूट काउंट दुसऱ्या पानावर छापलाय, ३९०. आम्ही कुणी पान उलटलंच नव्हतं.