मदत हवी आहे: आसनगावजवळ ५ गुंठे, वकील न लावता

मुलुंडकर: आसनगाव स्टेशनपासून ६ किमीवर ५ गुंठ्यांचा प्लॉट घेतोय. मालक ओळखीतला, कागद क्लिअर. वकिलाच्या फीत पैसे घालवायचे नाहीत. रविवारी टोकन द्यायचंय. खरेदीखताचा मसुदा कुठे मिळेल आणि सब-रजिस्ट्रारकडे काय काय न्यायचं, एवढंच सांगा. "वकील लावा" सोडून बोला.

गट_नंबर: वकील लावलाच पाहिजे असा कायदा नाही, बरोबर. पण "कागद क्लिअर" म्हणजे काय? सातबारा किती नावांवर आहे? वर्ग १ की २ (विक्रीवर बंधन असलेली)? इतर हक्कात काय लिहिलंय? शेती की एनए (बिनशेती)? हे कळल्याशिवाय मसुदा देऊन उपयोग नाही.



मुलुंडकर: एनए प्रस्तावित आहे असं मालक म्हणतात. सातबाऱ्याचा फोटो आहे, वर्ग २ लिहिलंय.

गट_नंबर: "एनए प्रस्तावित" म्हणजे आज ती शेतजमीन आहे, दुसरं काही नाही. फोटोवर जाऊ नका, डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत स्वतः काढा. वर "क्षेत्राचे एकक" असतं ते बघा. शेतीला हे.आर.चौ.मी. (हेक्टर-आर-चौ. मीटर) येतं, बिनशेतीला आर.चौ.मी. मग उजवीकडचा इतर हक्कांचा रकाना जसाच्या तसा इथे टंका.

मुलुंडकर: काढला. एकक हे.आर.चौ.मी. क्षेत्र ०.४२.००. तीन नावं, पैकी एकाला कंस. इतर हक्कात "कु.का.क. ४३ ला पात्र". आम्ही चौघे मिळून २० गुंठ्यांचं एकच खरेदीखत करणार आहोत, त्यामुळे तुकडेबंदी (ठरावीक क्षेत्राहून लहान शेततुकडा विकायला बंदी) लागत नाही असं मालक म्हणाले.

ठाणे_तालुका: हे चौघं आहेत ते आधी सांगायचं ना! चौघांपैकी शेतकरी कोण? कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. आणि कु.का.क. ४३ म्हणजे कुळकायदा कलम ४३, कुळाला मिळालेल्या जमिनीवरचं बंधन; तो शेरा असला की विक्रीलाही परवानगी लागतेच.

गट_नंबर: "लागतेच" नाही. २०१४ च्या सुधारणेनंतर ३२-म प्रमाणपत्राला (कुळाने जमीन विकत घेतल्याचा दाखला) १० वर्षं झाली असतील तर आकारणीच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा सरकारला भरून विकता येते. पण घेणारा शेतकरी लागतो, तो मुद्दा तुमचा बरोबर.

आता चौघांचं. २० गुंठे हे जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकडेबंदीची किमान मर्यादा, ठाणे जिल्ह्यालाही २०२३ पासून तेच लागू आहे, म्हणून दस्त नोंदला जाईल. पुढे काय? चौघांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक. तुमचे ५ गुंठे कुठले, हे कुठल्याच कागदावर नसणार. वाटप करून वेगळा सातबारा होणार नाही, कारण तोच तुकडा ठरतो. एकाचं कर्ज थकलं किंवा एक वारला की सगळ्यांच्या सह्या अडकतात. नेमका हाच धोका तुम्हाला कोणी सांगितलेला नाही, म्हणून इतकं लिहितोय.

रानवाट: तुकडेबंदी शिथिल झालीय की, बातम्यांत होतं.

ठाणे_तालुका: बातमीवर टोकन देऊ नका. तो गट कोणत्या झोनमध्ये (शेती की रहिवासी) आहे त्यावर बरंच ठरतं. झोन दाखला काढा आणि मग बोला.

मुलुंडकर: कंसाचं काय?

गट_नंबर: कंस म्हणजे ते नाव कमी झालंय. त्याच्यापुढे फेरफार (हक्कबदलाची नोंद) क्रमांक असेल, तो फेरफार काढून वाचा. मृत्यूने कमी झालं असेल तर वारस नोंदीत मुलींची नावं आली का? हक्कसोडपत्राने असेल तर ते नोंदणीकृत आहे का? सुटलेली बहीण दहा वर्षांनी दावा लावते ती इथूनच.

माहीमकर_काकू: नोंदणी खात्याच्या ई-सर्चवर सूची २ (नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा) फुकट दिसते. तेवढं पुरे, जाहीर नोटीस म्हणजे निव्वळ खर्च.

ठाणे_तालुका: काकू, पुरे नाही. मुंबईबाहेर ई-सर्च २००२ पासूनचाच आहे आणि वारस, कूळ, तोंडी वाटप सूचीत येतच नाहीत. ती फेरफारात सापडतात. नोटीस दिली की हरकत टोकनच्या आधी येते, नंतर नाही. शहापूर तालुका आहे, तेव्हा ३६ किंवा ३६-अ, म्हणजे आदिवासी जमीन, असा शेरा जुन्या फेरफारात आहे का तेही बघा.

मुलुंडकर: मग घेऊच नको का? मालक म्हणतात नोटरी करून ठेवा, एनए झालं की खरेदीखत.

गट_नंबर: नोटरीने मालकी येत नाही. मालकाला आधी एनए आदेश आणि मंजूर ले-आउट आणू द्या. ५०० चौ. मी.च्या वर प्लॉट पाडून विकणार असेल तर महारेराचा (प्रकल्प नोंदणी प्राधिकरणाचा) नंबरही मागा. मग भूमी अभिलेखकडून मोजणी, "क" प्रतीवर (मोजणी नकाशावर) तुमच्या प्लॉटच्या चारही हद्दी, आणि त्या जशाच्या तशा दस्तात चतुःसीमा म्हणून. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारी दर) यांत जी जास्त तिच्यावर, नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. सही झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करायचा. २० हजार किंवा जास्त रोख अजिबात नाही, टोकनसुद्धा चेकने.

माहीमकर_काकू: पत्नीच्या नावे घेतलं तर शुल्कात १ टक्का सूट मिळते.

गट_नंबर: ती घराला आहे, मोकळ्या जमिनीला नाही.

मुलुंडकर: टोकन थांबवलं. कंसातल्या नावापुढचा फेरफार आत्ता उघडला. "हक्कसोड" लिहिलंय, दस्त क्रमांक नाही.

ठाणे_तालुका: मग मालकाकडे तो दस्त क्रमांक मागा. दिला नाही तर सातबाऱ्यावर उरलेल्या दोघांच्या सह्यांनी पूर्ण जमिनीचा व्यवहार होत नाही, कंसातल्याचा हक्क उभा राहू शकतो.