बेसबॉलमधील करार आणि वेतनमर्यादेचा प्रश्न

सप्रेम नमस्कार,

अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धा असलेल्या मेजर लीग बेसबॉलमधील खेळाडू आणि संघमालक यांच्यातील सामूहिक कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ ही आहे. कोट्यवधी डॉलर मिळवणाऱ्या खेळाडूंनी पुन्हा खेळ थांबवला, तर त्यांना सहानुभूती का दाखवावी? अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकी या तिथल्या लीगमध्ये संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आहे. बेसबॉलपटूंनीच ती का नाकारावी?

आपला स्नेहांकित

———

सप्रेम नमस्कार,

आपला प्रश्न रास्त आहे; मात्र मागच्या वेळी खेळाडूंनी काम थांबवले नव्हते. २ डिसेंबर २०२१ रोजी मालकांनी टाळेबंदी जाहीर केली, म्हणजे करार होईपर्यंत खेळाडूंचे काम बंद ठेवले; ती ९९ दिवस चालली आणि मग नवा करार झाला. पहिली सुमारे तीन वर्षे खेळाडूचे वेतन बहुतांशी संघच ठरवतो, हव्या त्या संघाशी बोलणी करण्यासाठी त्याला सहा वर्षांची सेवा पुरी करावी लागते, आणि अनेकांची कारकीर्द तोवर टिकतच नाही. म्हणून किमान वार्षिक वेतन ५,७०,५०० डॉलरवरून ७,००,००० डॉलरवर गेले आणि तरुण खेळाडूंसाठी दरवर्षी ५ कोटी डॉलरचा बोनस निधी मिळाला, ही मला त्या कराराची सर्वांत मोलाची कमाई वाटते.

वेतनमर्यादेमुळे शांतता नांदते, असे अनुभव सांगत नाही. हॉकीत ती लागू करून घेण्यासाठी मालकांनी २००४-०५ चा संपूर्ण हंगाम गमावला, आणि मर्यादा असूनही २०१२-१३ मध्ये पुन्हा टाळेबंदी होऊन प्रत्येक संघाच्या वाट्याला ४८ च सामने आले. बास्केटबॉलमध्येही २०११ मध्ये मर्यादा असूनही टाळेबंदी झाली.

बेसबॉलमध्ये १९९४ साली मालकांच्या याच मागणीवरून खेळाडूंचा संप झाला आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, रद्द झाली. त्या वर्षी ७४ विजय मिळवून सर्वांच्या पुढे असलेल्या माँट्रियल एक्स्पोज या कॅनडातील संघाच्या चाहत्यांचे नुकसान कधीच भरून निघाले नाही, कारण दहा वर्षांनी तो संघच शहर सोडून गेला. चाहत्यांची ही हानी मी क्षुल्लक मानत नाही.

तरीही, बहुतेक संघांचे संपूर्ण हिशेब जाहीर होत नसताना खेळाडूंनी मर्यादेच्या रूपाने उत्पन्नातील ठरावीक वाटा डोळे मिटून स्वीकारावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. मालकांना मर्यादा हवी असेल, तर त्यांनी आधी खेळाडूंच्या संघटनेपुढे हिशेब मांडावेत आणि प्रत्येक संघाने वेतनावर किमान किती खर्च केलाच पाहिजे, तो आकडाही सांगावा.

आपला स्नेहांकित