निकॉन १ : मालिका बंद, कॅमेरे चालू (अनुभव धागा)

निकॉन १ वापरणारी मंडळी आपल्यात अजून बरीच आहेत. एखादा फोटो आवडला म्हणून "कुठला कॅमेरा?" असं विचारावं, तर मधूनच उत्तर येतं : व्ही१, जे५, नाहीतर व्ही२. म्हणून हा धागा. ज्यांनी ही मालिका वापरली, अजून वापरताहेत किंवा वापरून सोडली, त्या सगळ्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. २१ सप्टेंबर २०११ रोजी निकॉनने जे१ आणि व्ही१ जाहीर केले. आरसा नाही (म्हणजे मिररलेस), लेन्स बदलता येते, आणि आत १३.२ × ८.८ मिमीचा सेन्सर (निकॉन त्याला सीएक्स म्हणतं). फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) मानाने क्षेत्रफळ साधारण सातवा हिस्सा, मायक्रो फोर थर्ड्स या मधल्या आकाराच्याही निम्मंच. लेन्सवर लिहिलेल्या फोकल लेंग्थला २.७ने गुणायचं की फुल फ्रेमचा हिशेब मिळतो. पुढे व्ही२, पाण्यात चालणारा एडब्ल्यू१, व्ही३ असे येत गेले. २०१५चा जे५ शेवटचा ठरला. याच आकाराच्या सेन्सरची डीएल मालिका २०१६मध्ये जाहीर झाली आणि बाजारात यायच्या आधीच, २०१७मध्ये, रद्द झाली. २०१८च्या जुलैमध्ये निकॉन १ बंद झाल्यावर शिक्कामोर्तब झालं, आणि पुढच्याच महिन्यात झेड मालिका जाहीर झाली. आपल्या लेन्स झेडवर चालत नाहीत. बॉडी गेली की लेन्सही कपाटात गेली, असा हा मामला आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या मालिकेला सगळ्यांनी सेन्सरच्या आकारावरून तोललं, तिच्या वेगाकडे फार थोड्यांनी पाहिलं. २०११मध्ये सेन्सरवरच फेज डिटेक्टचे (झटपट फोकस शोधणाऱ्या पद्धतीचे) ७३ बिंदू, फोकस करत सेकंदाला १० फोटो, फोकस एका जागी ठेवला तर ६०. एवढ्याशा कॅमेऱ्यात हे तेव्हा नवलच होतं. आज मिररलेसमध्ये जे गृहीत धरलं जातं, त्यातलं बरंच इथे आधी दिसतं.

मी स्वतः जे५ आणि १८.५ मिमी एफ/१.८ घेऊन मंडईत, तुळशीबागेत फिरतो. स्क्रीन वर उचलायचा, कॅमेरा पोटाशी धरायचा. भाजीवाल्या मावशी तराजू तोलताना माझ्याकडे बघतात, कॅमेऱ्याकडे नाही. मोठा डीएसएलआर काढला की त्याच मावशी पदर सारखा करून ताठ बसतात. तोही फोटो चांगलाच येतो, पण तो वेगळा फोटो असतो.

तर लिहा. कुठली बॉडी, कुठली लेन्स, काय काम, आणि आता बॅटऱ्यांचं काय करता. सेन्सर लहान आहे हे सर्वांना माहीत आहे, त्यावर वाद नको.

बारामतीहून, पक्षीनिरीक्षक (व्ही२, सीएक्स ७०-३००)

चांगला विषय काढलात. माझं हिवाळ्यातलं सगळं काम या एका जोडीवर चालतं. ७०-३०० म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबात १८९ ते ८१०. लेन्सचं वजन साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. ८१०चा पल्ला हातात धरून नावेत बसता येतं, हे ज्यांनी मोठ्या लेन्स वाहून खांदे दुखवलेत त्यांना विचारा.

भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर, नाव चालते तेव्हा ती डुलतेच. ट्रायपॉडचा काही उपयोग नाही. रोहित दिसले की सगळे त्यांच्याकडे धावतात, ते ठीकच आहे. पण या कॅमेऱ्याचं खरं काम बघायचं तर कवड्या खंड्या घ्या. हा पक्षी मासा हेरला की हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो, चोच खाली, मान अगदी स्थिर. ते दोन-चार सेकंद मिळतात आणि मग तो दगडासारखा पाण्यात. व्ही२ फोकस धरून सेकंदाला १५ फोटो घेतो. पंख वर, पंख खाली, पंख पुढे जुळलेले, अशी सगळी मालिका हाती लागते, आणि त्यातल्या एखाद्या फोटोत डोळ्यात उजेडाचा ठिपका असतो. तो ठिपका असलेला फोटो ठेवायचा, बाकी पुसायचे.

उजेडाची अट मात्र पाळावी लागते. मी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००च्या वर सहसा जात नाही. सूर्य पुरता वर आल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढायचा नाही, तोवर दुर्बिणीने बघायचं. यामुळे माझं निरीक्षण सुधारलं असं मी मनापासून म्हणतो. नावेतले दादाही आता ओळखतात. ऊन पाठीवर येईल अशीच नाव फिरवतात.

जे५चा सेन्सर सरस आहे हे मान्य, पण त्याला व्ह्यूफाइंडर नाही. ८१०च्या पल्ल्यावर उडता पक्षी स्क्रीनवर शोधणं, तेही उन्हात, मला जमत नाही. व्ही२ डोळ्याला लावला की पक्षी सापडतो.

मालवणहून (एडब्ल्यू१)

आमच्याकडे हा कॅमेरा पाण्यासाठीच घेतला. लेन्स बदलता येणारा आणि वेगळ्या पाणीबंद आवरणाशिवाय १५ मीटर खाली नेता येणारा डिजिटल कॅमेरा एडब्ल्यू१च्या आधी नव्हता. २०१३ची गोष्ट. सोबत ११-२७.५ झूम आणि १० मिमी एफ/२.८, दोन्ही पाणीबंद.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाणी पार स्वच्छ क्वचितच असतं. कणच कण तरंगत असतात. त्यामुळे १० मिमी लावायची आणि माशाच्या, प्रवाळाच्या अगदी जवळ जायचं. मध्ये पाणी जितकं कमी, तितका रंग खरा. झूम वापरून लांबून काढलेला फोटो हिरव्या धुक्यातला येतो. बटण दाबून कॅमेरा नुसता तिरपा केला की मोड बदलतो, ही सोय हातमोजे घातल्यावर कळते.

काळजी घ्यावीच लागते. लेन्स बसवण्याआधी रबरी रिंग बोटाने चाचपायची. वाळूचा एक कण, एक केस जरी राहिला तरी पाणी आत. मग रिंगला ग्रीसचा पातळ हात. वर आल्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचा आणि पुरता सुकल्याशिवाय लेन्स काढायची नाही. आता रिंगा जुन्या झाल्या, नव्या मिळत नाहीत, म्हणून मी त्याला खोल नेणं थांबवलं आहे. पण जून ते सप्टेंबर, जेव्हा डायव्हिंग बंद असतं, तेव्हा तो पावसात माझ्याबरोबर असतो. बंदरावर होड्या ओढून शाकारतात, जाळी विणत बसतात, ते सगळं भर सरीत काढता येतं. बाकीच्यांचे कॅमेरे तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत असतात.

कोल्हापूरहून (व्ही१)

थोडक्यात लिहितो. व्ही१ला ईएन-ईएल१५ बॅटरी लागते, जी डी७०००, डी७५०ला लागते तीच. त्यामुळे बॅटरीची चिंता व्ही१वाल्यांना नाही. बाकीच्यांनी आत्ताच एखादी जादा घेऊन ठेवा. पंचगंगेच्या घाटावर पहाटे जातो, अजून एकदाही दगा दिलेला नाही.

ठाण्याहून, मैफलींचे फोटो काढणारी (व्ही१, ३२ मिमी एफ/१.२)

मी घरगुती बैठकांचे फोटो काढते. पन्नास-साठ श्रोते, समोर गालिचा, दोन तानपुरे. गायिका आलापीला बसली आहे, खर्जात एकच स्वर धरला आहे, आणि अशा वेळी कॅमेऱ्याचा 'खटाक' आवाज म्हणजे अपराध. व्ही१चा इलेक्ट्रॉनिक शटर लावला आणि बीप बंद केला की काहीच ऐकू येत नाही. बाजूला बसलेल्या काकूंनाही कळत नाही की फोटो निघाला. निव्वळ यासाठी मला बैठकीत पहिल्या रांगेत बसू देतात.

३२ मिमी एफ/१.२ म्हणजे ८६ मिमीसारखी चौकट. चेहरा, तानपुऱ्याचा दांडा आणि तारा छेडणारी बोटं, इतकंच त्यात येतं. एफ/१.२मुळे दिवाणखान्यातल्या दिव्यांवर भागतं. पार्श्वभूमी फुल फ्रेमइतकी विरघळत नाही हे खरं आहे, पण मला मागचे श्रोते थोडे दिसायलाच हवे असतात. दाद देताना वर गेलेला हात ओळखू आला पाहिजे.

दोन गोष्टी नवीन लोकांसाठी सांगते. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवावा, पट्टे बहुतेक जातात. दुसरं, तबलजींनी द्रुत लय धरली की बोटं तिरकी, वाकलेली दिसू शकतात. तेव्हा मी सम यायची वाट बघते. समेवर हात क्षणभर थांबतो. ताल मोजत फोटो काढायची सवय मला याच कॅमेऱ्याने लावली आणि आता दुसरा कुठलाही कॅमेरा हातात असला तरी ती सुटत नाही.

टोकियोहून (जे५, १० मिमी, ६.७-१३)

इथे आल्यावर जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांचं वेड लागलं. शिंजुकू, नाकानो भागात मजलेच्या मजले जुन्या मालाचे आहेत. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी : दर्जा, काचेत धूळ आहे का, डबा आहे का, पट्टा आहे का. एखाद्या लेन्सचं मागचं झाकण नसेल तर तेही लिहिलेलं. निकॉन १चा कोपरा बहुतेक ठिकाणी सापडतो. १०-३० आणि ३०-११० ढिगाने, १८.५ बऱ्यापैकी, पण ३२ आणि ७०-३०० दिसल्या तर त्यांची किंमत बाकीच्यांपेक्षा खूप वर. ज्यांच्याकडे त्या आहेत ते सोडत नाहीत, असा मी अर्थ लावतो.

आईबाबा आले होते तेव्हा त्यांना निक्कोला नेलं. बॅगेत आईची औषधं, पाण्याच्या बाटल्या, दशम्यांचा डबा, आणि त्यातच हा कॅमेरा दोन लेन्ससह. ६.७-१३ची रुंद बाजू म्हणजे १८ मिमी. देवळाची अख्खी कमान आणि तिच्याखाली उभी नऊवारीतली आई एकाच चौकटीत आली. मोठा कॅमेरा असता तर तो मी त्या दिवशी घरीच ठेवला असता.

नाशिकहून, लग्नाचे फोटो काढणारा (पूर्वी व्ही३)

मी ही मालिका सोडली, तरी लिहितो कारण धागाकर्त्यांनी तसं म्हटलंय. लग्नाच्या हॉलमध्ये रात्री आठनंतर या सेन्सरवर माझं काम होत नव्हतं. वरातीत, पेट्रोमॅक्ससारख्या पिवळ्या उजेडात, शालूची जर आणि सावलीतला चेहरा दोन्ही एकदम सांभाळायचे असतात. तिथे फुल फ्रेमला पर्याय नाही, आणि ग्राहक पैसे देतो तेव्हा माझ्या आवडीला महत्त्व नाही. पण हळदीच्या दिवशी, सकाळच्या उन्हात, अंगणात पोरांची पळापळ चालू असताना व्ही३ जसा फोकस पकडायचा, तसा हलका कॅमेरा मला पुन्हा मिळालेला नाही. निकॉनच्या डीएसएलआर लेन्स या कॅमेऱ्यांवर बसवणारा एफटी१ अडॅप्टर अजून माझ्याकडे आहे. एएफ-एस लेन्स (ज्यांत फोकसची मोटर आतच असते) त्यावर ऑटोफोकससह चालतात. कुणाला वापरून बघायचा असेल तर नाशिकमध्ये खुशाल घेऊन जा.

बारामतीहून, पुन्हा

नाशिककर, एफटी१साठी मी येतो. माझ्याकडे ३०० एफ/४ पडून आहे. त्यावर मधल्याच बिंदूवर फोकस होतो हे माहीत आहे, पण झाडावर बसलेल्या घुबडासाठी मधला बिंदू पुरे.

रत्नागिरीहून

मी अजून घेतलेला नाही, हे सगळं वाचून जुना जे५ घ्यावा असं वाटतंय. घेताना काय बघावं? आणि आमच्या दमट हवेत टिकेल का?

धागाकर्ता

घ्या, जरूर घ्या. बॉडीपेक्षा लेन्स नीट तपासा. लेन्स लावून आधी पूर्ण उघड्या ॲपर्चरला, मग एफ/८ला, असे दोन फोटो काढून बघा. दुसरा विनाकारण जास्त उजळ आला तर ॲपर्चरची पाती अडकली आहेत असं समजा आणि ती लेन्स घेऊ नका. मग लेन्स काढून मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. जे५ला मायक्रोएसडी कार्ड लागतं आणि बॅटरी ईएन-ईएल२४, तेव्हा विक्रेत्याकडे मूळ चार्जर आहे का तेही विचारा. दमट हवेसाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरेसं आहे, फक्त जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडं करायचं. आणि कॅमेरा कपाटात ठेवू नका, वापरत राहा. मालवणकर, पावसाळ्यात सिलिका जेल किती दिवसांनी तापवावं लागतं ते तुम्ही सांगाल का?