गाडीवरचे चरे घरच्या घरी घालवलेत का? अनुभव लिहा

लग्नाची भांडी घ्यायला नाशिकच्या भांडी बाजारात कार नेण्याचा शहाणपणा मी मागच्या रविवारी केला. रविवार कारंजावरून आत वळलो आणि एका हातगाडीने डाव्या मागच्या दरवाज्यावर हातभर रेघ मारली. गाडी राखाडी, मेटॅलिक, पाच वर्षांची. गॅरेजवाला म्हणतो, "पूर्ण पॅनललाच रंग मारावा लागेल, साडेचार हजार." रेघ बारीक आहे, पण ऊन पडलं की तीच दिसते. कोणी घरी काही केलंय का? बिघडलं असेल तर तेही लिहा, ते जास्त उपयोगी पडेल.

सिडकोहून

आधी बोटाचं नख रेघेवरून आडवं फिरवा. अडलं नाही तर घरी जमेल. अडलं तर थांबा.

अंबडच्या एका कारखान्यात पेंट शॉपला मी बावीस वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर. हे सगळं मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन भरतं, म्हणजे दीडदोन केसांची जाडी. त्यात लॅकर 40-50 मायक्रॉनचं. बारीक चरा या लॅकरमध्येच असतो. लोकांना वाटतं कंपाउंडने, म्हणजे रबिंगच्या घासायच्या पेस्टने, चरा भरतो. भरत नाही हो. आजूबाजूचं लॅकर घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणायचं, की कडा उरत नाही आणि चरा दिसेनासा होतो. म्हणजे प्रत्येक रबिंगला मुद्दल खर्च होतंय. दर दिवाळीला गाडी रबिंगला देणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पद्धत साधी आहे. गाडी सावलीत, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. धुऊन, पुसून, मायक्रोफायबरवर वाटाण्याएवढं कंपाउंड घ्यायचं आणि वीतभर जागेतच घासायचं. पुसून बघायचं. मग बारीक पॉलिश, मग वॅक्स. फडक्याला गाडीचा रंग लागला तर हात थांबवा: एकतर तुमच्या गाडीला लॅकर नाहीच (काही सॉलिड पांढऱ्या गाड्यांना नसतं), किंवा तुम्ही ते संपवलंय.

पाथर्डी फाट्यावरून

एवढं कशाला? पांढरी टूथपेस्ट, ओलं फडकं, पाच मिनिटं. माझा गेला.

सिडकोहून

गेला की लपला? दोन वेळा गाडी धुतल्यावर परत बघा.

पाथर्डी फाट्यावरून

आज धुतली. आहे. आणि तेवढा भाग जरा धुरकट दिसतोय. बोललो नसतो तर बरं झालं असतं.

मखमलाबादहून

आमची पिकअप द्राक्षबागेत फिरते. मांडवाच्या तारेने पुढच्या फेंडरवर असा ओरखडा काढला की पत्रा दिसायला लागला. तिथे कंपाउंडचं काही काम नाही. टच-अपची, म्हणजे ओरखड्यावर लावायच्या रंगाची, छोटी बाटली आणली. रंगाचा कोड गाडीवरच असतो, कुणाच्या दाराच्या खांबावर, कुणाच्या बॉनेटखाली. "पांढरा द्या" म्हणून घेऊ नका, पांढऱ्यात दहा पांढरे असतात.

माझी चूक अशी की हे काम मी जुलैत काढलं. गंज खरवडला, प्रायमर लावलं, रंगाचे दोन पातळ हात दिले, तिथवर छान. वरून लॅकर मारलं तेव्हा बाहेर भुरभुर चालू होती. हवेतल्या ओलाव्याने लॅकर दुधाळ झालं, ताकाचा थेंब सांडल्यासारखं. सगळं काढून नोव्हेंबरात परत केलं. बाटलीच्या ब्रशने फार जाड लागतं, मी आगपेटीच्या काडीचं टोक ठेचून वापरलं. दोन हातांत पुरेसा वेळ सोडला, आठवडाभर वाळू दिलं आणि मग 2000 नंबरच्या वॉटर पेपरने (अगदी बारीक सँडपेपर) पाणी घालून उंचवटा खाली आणला. जवळून कळतं. पण गंज नाही, आणि पिकअपला कोण जवळून बघतंय!

गंगापूर रोडवरून

माझी गाडी काळी. (कोणी घेत असेल तर नका घेऊ.) तिच्यावर चरा असा एक नव्हताच, उन्हात पूर्ण बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसायच्या. मी दोन वेळा पॉलिश करून घेतली, महिन्याभरात जाळं हजर. मग एकदा सकाळी लवकर खाली गेले तर कारण दिसलं. आमच्या सोसायटीतले वॉचमन दादा रोज मायेने सगळ्या गाड्या कोरड्या फडक्याने पुसतात, आणि फडकं एकच. सध्या सिंहस्थाच्या कामांची धूळ इतकी आहे की ते फडकं म्हणजे वॉटर पेपरच. "दादा, माझी गाडी पुसू नका," म्हटल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. आठवडाभर नीट बोलले नाहीत. आता मीच रविवारी धुते: आधी नुसत्या पाण्याने धूळ सोडवायची, शॅम्पूची बादली वेगळी, फडकं खळबळायची वेगळी. बोअरचं पाणी अंगावर वाळू द्यायचं नाही, पांढरे डाग बसतात. धुळकट गाडीवर कव्हर घातलं तरी वाऱ्याने तेच घासतं, हेही उशिरा कळलं.

नाशिकरोडहून

आमच्या बंपरला पार्किंगच्या खांबाने पिवळा पट्टा मारला होता. चरा समजून रडत होतो. कंपाउंडने दहा मिनिटांत निघाला, तो खांबाचाच रंग होता! आधी हे तपासा.

इंदिरानगरहून

बिघडलेलं विचारलंत म्हणून लिहितो. शेजाऱ्याकडून भिंतीला भोकं पाडायचं ड्रिल आणलं, त्याला फोमची चकती लावली आणि पूर्ण वेगाने दरवाज्याच्या कडेवर धरली. कडेला रंग मुळातच पातळ असतो, हे नंतर कळलं. दोन-तीन सेकंदांत आतलं प्रायमर दिसलं. चऱ्यासाठी वाचवायला गेलो ते पैसे गेलेच, वर शेजारी अजून विचारतो, "ड्रिल परत हवंय का?" कडा, घडी आणि प्लॅस्टिकचा बंपर, इथे मशीन नको. हातानेच.

मूळ प्रश्न विचारणारा

विम्यातून केलं तर?

इंदिरानगरहून

मी हिशेब केला होता. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले हजार रुपये आपल्यालाच भरावे लागतात. शिवाय क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो 50 टक्के असतो. एका दरवाज्यासाठी नका करू.

मूळ प्रश्न विचारणारा

काल केलं. सकाळी सातला, सावलीत. आजूबाजूला मास्किंग टेप लावली. कंपाउंडचे चार हात लागले, दंड भरून आले. तीन चतुर्थांश रेघ गेली. हँडलखाली बोटभर उरली आहे, तिथे नख अजून अडतं. सिडकोच्या काकांचं ऐकून तिथे जास्त घासलं नाही. पावसाळ्याआधी टच-अप लावीन.

बायकोला खाली बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "कुठला दरवाजा?" मी सांगितलं नाही.