घर बांधता येत नाहीये, बटण दाबलंच जात नाही. मदत हवी आहे

अपर्णा_इंदिरानगर:
तिन्ही हिरवे प्लॉट आमच्या नावावर आहेत, पैसेही चिकार आहेत, तरी घर बांधू देत नाहीये. बटण करडं दिसतं, कितीही दाबा, ढिम्म. सगळं बंद करून पुन्हा चालू करून झालं. भाचरं उद्या सकाळी पुण्याला परत जाणार आहेत, त्याच्या आत हे संपवायचंय. कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा, प्लीज.

गंगापूररोडकर:
ताई, हिरवे म्हणजे ग्रीन झोनमधले का? शेती विभागात असतील तर जागा नुसती नावावर असून भागत नाही. आधी सातबारा काढा, बिनशेती झालंय का बघा. महापालिकेच्या हद्दीत आहेत की बाहेर? बाहेर असतील तर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे जावं लागेल. गोदावरी किंवा नासर्डी जवळ असेल तर पूररेषा तपासल्याशिवाय एक पैसा खर्च करू नका. निळ्या पूररेषेच्या आत घराला परवानगी मिळत नाही. आणि हे एका रात्रीत होणारं काम नाही, भाचरांना जाऊ द्या.

अपर्णा_इंदिरानगर:
अहो दादा, खेळातले प्लॉट! कॉम्प्युटरवरचा व्यापार खेळतोय आम्ही.

उपनगरवाला:
कुठला व्यापार? आपला भारतातल्या शहरांचा की इंग्रजी मोनोपॉली? विंडोज कुठलं? किती जण खेळताय?

अपर्णा_इंदिरानगर:
उंच टोपीवाला म्हातारा आहे तो. दिरांनी लॅपटॉपवर टाकून दिलाय, टीव्हीला जोडून खेळतो. आम्ही सगळे मिळून एक खेळाडू आणि दोन कॉम्प्युटरचे.

जुनी_सीडी:
सीडीवरून टाकलाय का? 1995 साली वेस्टवूड स्टुडिओजने केलेला मोनोपॉली माझ्याकडे अजून आहे, सोंगटी पटावर चालत जाताना बघायला फार सुंदर. त्या काळचे बरेच खेळ आणि त्यांचे इन्स्टॉलर 16 बिटचे असायचे आणि 64 बिट विंडोज ते चालवतच नाही. एक उपाय म्हणजे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा नकली कॉम्प्युटर, करून त्यात जुनं विंडोज टाकायचं. रंग विचित्र दिसत असतील तर 256 रंगांची सेटिंग करा.

अपर्णा_इंदिरानगर:
खेळ चालतोय हो, रंगही नीट आहेत. फक्त घर बांधू देत नाही.

फासे_आणि_मी:
वेळ घालवू नका. कॉम्प्युटर फसवतो हे उघड आहे. तुमचा फासा नेमका त्याच्या घरांवर पडतो की नाही? माझ्याबरोबर कायम हेच होतं. तुरुंगातून सुटलं की थेट त्याच्या केशरी जागांवर.

मेरीकर:
केशरीवर पडणं ही फसवणूक नाही. तुरुंगापासून केशरी जागा 6, 8 आणि 9 चौकोन पुढे आहेत. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी 6 पाच वेळा, 8 पाच वेळा, 9 चार वेळा. म्हणजे 36 पैकी 14. आणि तुरुंगात तर सगळेच जातात. पुठ्ठ्याच्या पटावर खेळलात तरी असंच पडेल.

अपर्णाताई, तीन गोष्टी सांगा. हिरव्यापैकी एखादी जागा गहाण आहे का? एक जरी गहाण असली तरी त्या गटात बांधता येत नाही. दुसरं, बटण दाबता तेव्हा पाळी तुमची असते का? तिसरं, बाकीच्या दोघांकडे कुठल्या रंगांवर किती घरं आहेत?

फासे_आणि_मी:
गणित पुस्तकात ठीक आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने काय लिहिलंय ते तुम्ही पाहिलंय का?

मेरीकर:
तुम्ही पाहिलंय का?

अपर्णा_इंदिरानगर:
भांडू नका, घाई आहे. गहाण काही नाही. पाळी आमचीच आहे, फासे अजून टाकले नाहीत. एकाकडे केशरी तिन्ही आहेत, दुसऱ्याकडे आकाशी तिन्ही आणि तपकिरी दोन. सगळ्यांवर चार-चार घरं. हॉटेल एकही नाही.

मेरीकर:
मग सापडलं. केशरी 12, आकाशी 12, तपकिरी 8. बेरीज 32. मोनोपॉलीच्या बँकेत घरंच 32 असतात आणि हॉटेलं 12. सगळी घरं पटावर आहेत, बँकेत एकही उरलेलं नाही, म्हणून बटण करडं. खेळ बिघडलेला नाही, नियमाप्रमाणे चाललाय.

अपर्णा_इंदिरानगर:
पैसे देऊनसुद्धा घर नाही? हा कसला नियम! मुलं रडकुंडीला आलीयेत. मग थेट हॉटेल बांधू का? हॉटेलं तर आहेत.

मेरीकर:
नाही. हॉटेल चार घरं परत देऊनच मिळतं, आणि तेही गटातल्या प्रत्येक जागेवर चार-चार झाल्यावर.

तपोवन:
ताई, आम्ही लहानपणी घरं संपली की चिंचोके ठेवायचो. काही अडत नाही. कॉम्प्युटरच्या खेळात सेटिंगमध्ये घरगुती नियम असतात, तिथे घरांची मर्यादा काढता येते का बघा. पोरांचा खेळ आहे, एवढं कडक कशाला?

मेरीकर:
चिंचोके ठेवले की या खेळाचा प्राणच जातो. स्वस्तातल्या जागांवर चार-चार घरं उभी करायची, हॉटेल मुद्दाम करायचं नाही आणि महागड्या जागावाल्याला कोरडं ठेवायचं, ही त्यातली सगळ्यात कसदार चाल आहे. मुलांना ती आत्ता समोर दिसतेय. नियम काढून टाकलात तर ज्याच्याकडे महाग जागा तोच जिंकणार, मग डोकं कुठे लागलं?

तपोवन:
आमच्या वाड्यात चिंचोक्यांनी खेळूनही डोकी भरपूर लागायची.

उपनगरवाला:
यावरून एक लिहितो. आमच्या नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे, करन्सी नोट प्रेस, 1928 पासूनचा. वडील तिथेच होते. त्यामुळे खेळात बँकेच्या नोटा संपल्या की आम्हाला फार वाईट वाटायचं, डाव संपला म्हणायचो. मोठेपणी नियम वाचला तेव्हा कळलं की बँकेचं दिवाळं कधी निघतच नाही, नोटा संपल्या तर साध्या कागदावर आकडा लिहून द्यायचा. पैशाला मर्यादा नाही, घरांना आहे. मला ते फार विचार करून केलेलं वाटतं.

गंगापूररोडकर:
विचार करूनच केलंय ते. एलिझाबेथ मॅगी या बाईंनी 1904 साली लँडलॉर्ड्स गेमचं पेटंट घेतलं. जमीनमालक नुसत्या भाड्यावर कसा श्रीमंत होत जातो ते लोकांना दाखवायचं होतं. पार्कर ब्रदर्सने 1935 मध्ये मोनोपॉली बाजारात आणला तेव्हा श्रेय मात्र चार्ल्स डॅरोला मिळालं, बाईंचं नाव कितीतरी वर्षं कोणी घेतलं नाही. ज्यांच्या घरी मुली हा खेळ खेळतात त्यांनी हे त्यांना जरूर सांगावं.

अपर्णा_इंदिरानगर:
सांगेन नक्की. पण आत्ता करू काय? सेटिंग उघडून पाहिलं, डाव चालू असताना बदलता येत नाही.

जुनी_सीडी:
व्हर्च्युअल मशीन केलंत तर डावाची प्रत ठेवता येते, हवं तिथून मागे जाता येतं.

मेरीकर:
मागे जाऊन घरं वाढत नाहीत. ताई, घरं बँकेत परत यायला दोनच वाटा आहेत. एक, समोरचा हॉटेल करतो, मग चार घरं सुटतात. दोन, त्याला भाडं द्यायला रोकड नसते, मग तो निम्म्या किमतीत घरं बँकेला विकतो. एका खेळाडूकडून दुसऱ्याला घर थेट विकता येत नाही, त्यामुळे सौदा करायला जाऊ नका. रोकड राखून ठेवा आणि एकही घर सुटलं की पुढचा फासा टाकायच्या आधी उचला. तुमच्याकडे हिरव्यांशिवाय काय आहे?

अपर्णा_इंदिरानगर:
चारही स्टेशनं.

मेरीकर:
हे आधी सांगायचं ना! चारही स्टेशनं म्हणजे दर वेळी 200 भाडं. केशरीवाल्याचे पैसे किती?

अपर्णा_इंदिरानगर:
दीडशेच्या आतच. घरांवरच सगळे घातलेत त्याने.

मेरीकर:
मग बसा शांतपणे खेळत. तो स्टेशनवर आला की घरं सुटतील. त्याच्या मोकळ्या जागा तो आधी गहाण टाकेल, त्या संपू द्या.

फासे_आणि_मी:
तो स्टेशनवर येणारच नाही, बघा तुम्ही.

अपर्णा_इंदिरानगर:
आला! एकदा आला तेव्हा गहाण टाकून सुटला. दुसऱ्यांदा आला तेव्हा हातात काहीच नव्हतं, केशरीची चार घरं विकून आमचे 200 भरले. आमची पाळी येताच बटण हिरवं झालं. तिन्हींवर एकेक बांधलं, चौथं हिरव्यातल्या पेनसिल्व्हेनियावर. भाचीने स्वतः दाबलं. गंगापूररोडकर दादा, तिला मॅगीबाईंचं सांगितलं, तिने वहीत नाव लिहून घेतलं. आता अजून सुटली तर हॉटेलपर्यंत जाऊ का?

मेरीकर:
नको. तीन-तीन घरांवर थांबा. हिरव्यातल्या पॅसिफिकवर दोन घरांचं भाडं 390 आहे, तीन घरांचं एकदम 900. हॉटेलचं 1275. उडी तिसऱ्या घराला आहे, पुढे फारसं वाढत नाही. आणि हॉटेल केलंत तर तुमची चार-चार घरं बँकेत जातील, ती केशरीवाला उचलेल. हवं तर तिन्हींवर चौथं घर चढवा, पण हॉटेल नाही.

अपर्णा_इंदिरानगर:
बरं. पिठलं-भात झालाय, जेवून पुन्हा बसतोय.