लिव्हरच्या मशीनवर घरी एस्प्रेसो : सुरुवातीचे अनुभव सांगा

कडूगोड (ठाणे)

आमच्या ओट्यावर मिक्सरशेजारी सध्या एक दांड्याचं (लिव्हरचं) यंत्र येऊन बसलंय. सासूबाई त्याला हापसा म्हणतात आणि आता घरात तेच नाव रूढ झालंय. वीज नाही, पंप नाही. वर उकळतं पाणी ओतायचं, खाली चाळणीत बारीक दळलेली कॉफी ठासायची आणि दांडा दाबायचा.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडंसं. एस्प्रेसो म्हणजे बारीक पुडीतून गरम पाणी दाबाने ढकलून काढलेली थोडीशी, दाट कॉफी. तिची जुनी यंत्रं वाफेच्या जोरावर चालायची, त्यात दाब जेमतेम दीड बार (बार हे दाब मोजायचं एकक) मिळायचा. मिलानच्या आखिले गाज्जा यांनी १९३८ साली पेटंट घेतलं आणि महायुद्धानंतर स्प्रिंग आणि दट्ट्याचं यंत्र बाजारात आणलं. दाब आठ-नऊ बारवर गेला आणि कपावर तो सोनेरी फेस यायला लागला. आज कॅफेत पंप जे काम करतो ते आधी दांडा करत होता.

घरगुती यंत्रांचे ढोबळ तीन प्रकार दिसतात. पाणी वेगळं उकळून ओतायचं (फ्लेअर, कॅफेलॅट रोबोट). बॉयलर आतच आणि दट्ट्या आपल्या हाताने दाबायचा (ला पावोनी यूरोपिक्कोला). आणि बॉयलर आत पण दाब स्प्रिंग देते, असा तिसरा. तुमच्याकडे कुठलं आहे, पहिले काही आठवडे कसे गेले, कशावर पैसे उगाच गेले, ते लिहा. खरेदीच्या लिंका नकोत. ‘त्यापेक्षा ऑटोमॅटिक घ्या’ हा सल्लाही नको, तो नवऱ्याकडून रोज मिळतो.

पर्वतीकर (पुणे)

फ्लेअर प्रो २. दाबाचा काटा असलेलं आहे आणि नवशिक्याने काटा असलेलंच घ्यावं या मताचा मी आहे. नऊ बार म्हणजे हाताला किती, हे नुसतं वाचून कळत नाही.

सुरुवातीला माझी प्रत्येक कॉफी आंबट व्हायची. दळण बारीक केलं, बिया बदलल्या, तरी आंबटच. दोष धातूचा होता. पाणी ज्या स्टीलच्या नळकांड्यात ओततो ते थंड असेल तर ओतल्या ओतल्या पाण्याचे कित्येक अंश खाऊन टाकतं. त्यात पुणे साडेपाचशे मीटरवर, म्हणजे आपलं पाणी मुळात ९८ अंशांवरच उकळतं. एस्प्रेसोला कॉफीपाशी ९० ते ९६ लागतं, हलक्या भाजणीला त्यातलं वरचं टोक. मग शिल्लक काय राहणार? आता पाणी उकळत असताना ते नळकांडं किटलीच्या तोंडावर वाफेत ठेवतो. हाताला चटका बसेल इतकं तापलं की जोडतो. आंबटपणा गेला.

एकदा हौसेने यंत्र महाबळेश्वरला नेलं होतं. तिथे पाणी साडेपंच्याण्णवच्या आसपासच उकळी धरतं. गडद भाजणीची कॉफी छान झाली, हलकीची डाळ शिजेना.

माझं सध्याचं माप : १६ ग्रॅम कोरडी, कपात ३२ ते ३५ ग्रॅम. आधी दोन-तीन बारवर हलकं दाबून थांबायचं. चाळणीखाली थेंब दिसले की आठ-नऊपर्यंत न्यायचं आणि शेवटी हात सैल सोडत सहावर आणायचं. सगळं मिळून अर्धा मिनिट.

बिनसाखर

एवढा खटाटोप? पितळी फिल्टर, दोन चमचे पावडर, वर गरम पाणी, तोवर आंघोळ उरकून घ्या. झाली कॉफी.

कडूगोड

बिनसाखर, फिल्टर आमच्याकडेही आहे आणि तो कुठेही जाणार नाही. धाग्याला धरून लिहा हो.

जुनापुराणा (नाशिक)

ला पावोनी यूरोपिक्कोला. मावसभाऊ अमेरिकेतून परतला तेव्हा सामानात घेऊन आला आणि मला देऊन मोकळा झाला. वापरलेलं परदेशी यंत्र घेणाऱ्यांनी पहिल्यांदा मागची पट्टी वाचावी. माझ्यावर १२० व्होल्ट होतं. ते आपल्या २३० ला थेट लावलं तर कॉइलवर साडेतीन पटींहून जास्त भार येतो, जळून जायला वेळ लागत नाही. कॉइल हजार वॉटच्या आसपास, म्हणजे खेळण्यातला ट्रान्सफॉर्मर चालत नाही. मी मुंबईला लोहार चाळीतून दणकट स्टेप-डाउन आणला. तो यंत्रापेक्षा जड आहे.

पहिल्या दिवशी तापवलं, सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसायला लागला, म्हटलं तयार. दांडा उचलला, दाबला, तर कोमट चिखल. बॉयलरमध्ये पाण्याच्या वर अडकलेली हवा तापून फुगते आणि खोटा दाब दाखवते. म्हणून दाब आला की वाफेची नळी काही क्षण उघडायची, हवा बाहेर काढायची, बंद करायची आणि पुन्हा दाब येऊ द्यायचा. तो खरा.

दुसरी अडचण याच्या बरोबर उलट. पहिला कप चांगला, दुसरा उत्तम, तिसरा जळका. दट्ट्याचं घर थेट बॉयलरला जोडलेलं असल्याने ते तापतच जातं. पाहुणे आले की मी दोन कपांनंतर यंत्र बंद करून त्या घरावर ओलं फडकं गुंडाळतो. सहा जणांना पाजायची असेल तर हे यंत्र घेऊ नका.

आणि हे नीट वाचा. बॉयलरमध्ये ०.७ ते ०.९ बार दाब असतो, म्हणजे कुकरच्या जवळपास. कुकरचं झाकण आपण वाफ गेल्याशिवाय उघडत नाही, तसंच याचं टोपण. पाणी संपलं म्हणून गरम यंत्राचं टोपण फिरवायचं नाही. आधी बंद करा, वाफेच्या नळीतून दाब पूर्ण सोडा, मग उघडा. कॉफी भरलेली चाळणी ज्यात बसते तो मुठीचा चमचाही (पोर्टाफिल्टर) दाब असताना काढायचा नाही, ओला भुगा तोंडावर उडतो. बाजूच्या काचेच्या नळीत पाणी दिसत असेल तरच यंत्र चालू ठेवायचं.

एवढं सगळं करूनही सकाळी तेच लागतं.

कणीकोंडा (कोल्हापूर)

यंत्रावर सगळे बोलतात, दळणावर कोणी बोलत नाही. माझं मत स्पष्ट आहे : पैसे कमी असतील तर लिव्हर स्वस्तातला घ्या आणि ग्राइंडर चांगला घ्या. उलटं केलंत तर दोन्ही वाया.

माझ्याकडे आधी हाताने फिरवायचा साधा ग्राइंडर होता, पोअर-ओव्हरसाठी (वरून पाणी ओतून गाळायची कॉफी) ठीक होता. लिव्हरवर आणला तर एका खाचेवर दांडा लोण्यात गेल्यासारखा खाली, पुढच्या खाचेवर सगळा जोर लावूनही थेंब नाही. मधलं काही नाहीच. एस्प्रेसोसाठी एकेका खाचेत पात्यांतलं अंतर दहा-वीस मायक्रॉननेच बदलायला हवं. एस्प्रेसोसाठी म्हणून बनवलेल्या हाताच्या ग्राइंडरमध्ये ते मिळतं. मिक्सरच्या भांड्यात दळायचं मनातही आणू नका, त्यात पीठ आणि भरड दोन्ही एकत्र निघतं. आणि पाणी आळशी असतं, जिथे फट सापडेल तिथूनच पळतं.

त्या फटी टाळायला दळलेली पूड चाळणीतच बारीक सुयांनी ढवळायची. बाटलीच्या बुचात अ‍ॅक्युपंक्चरच्या तीन-चार सुया खोचल्या की अवजार तयार. बाजारात यासाठी नक्षीदार महागड्या वस्तू आहेत. कडूगोडताई, ‘उगाच गेलेले पैसे’ या सदरात माझ्यातर्फे त्या लिहा.

मलनाड_मराठी (बेंगळुरू)

बियांबद्दल. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर ठेवून द्या. ताज्या भाजलेल्या बियांत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. भाजून दोन दिवसही न झालेली कॉफी लिव्हरवर घेतली तर नुसता फेसच फेस येतो आणि चव बोचरी लागते. आठवडाभर थांबलं की माणसात येते. महिना-दीड महिना उलटला की फेस पातळ आणि दांडा हलका लागायला लागतो.

नवशिक्याने मध्यम-गडद भाजणीची घ्यावी. हलकी भाजणी चांगली असते, पण तिला पाणी जास्त गरम लागतं आणि दळण फार बारीक. दोन्ही गोष्टी नेमक्या नव्या हाताला अवघड. चिकमगळूरची अरेबिका आणि तिच्यात थोडी चांगली रोबस्टा असं मिश्रण मला आवडतं. रोबस्टाने फेस दाट येतो, कॅफीन मात्र अरेबिकाच्या जवळपास दुप्पट, त्यामुळे संध्याकाळी बेताने. मान्सून्ड मलबारही वापरून बघा. किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी दमट वाऱ्यात ठेवलेल्या या बिया फुगतात, आंबटपणा जवळजवळ जातो. इटलीच्या एस्प्रेसो मिश्रणांत त्या वापरल्या जातात. लिव्हरवर आंबट येतंय म्हणून कंटाळलेल्यांना त्या फार सांभाळून घेतात. नागपूरकरांनो, तुमच्याकडे कॉरिडॉर सेव्हन आहे, ताज्या भाजणीसाठी बेंगळुरूकडे बघायची गरज नाही.

फिल्टरची चिकोरीवाली पूड मात्र यात घालू नका. माझ्याकडे तिचा चिकट थर धरला आणि दांडा जागचा हलेना.

पो_काठचा (तोरिनो)

इथे ऑफिसजवळच्या बारमध्ये (इटलीत बार म्हणजे कॉफीचं दुकान) पंपाचीच यंत्रं आहेत. दांडे बघायचे तर नेपल्सला जावं. तिथे अजून कितीतरी बारमध्ये स्प्रिंगची लिव्हर यंत्रं रोज चालतात. कप इतके गरम की ओठ टेकवताना सांभाळावं लागतं, कॉफी गडद, मात्रा जेमतेम दोन-तीन घोट. आधी पाण्याचा ग्लास येतो.

माझ्या घरी स्प्रिंगचंच आहे, म्हणून एक घोळ आधीच मिटवतो. जुनापुराणा यांच्या यंत्रात दांडा खाली आणणं म्हणजे दाब देणं. स्प्रिंगच्या यंत्रात दांडा खाली ओढला की स्प्रिंग आवळते आणि पाणी कॉफीवर उतरतं. दाब मिळतो तो दांडा सोडल्यावर, स्प्रिंग स्वतः वर जाताना. सुरुवातीला जोर जास्त आणि शेवटाकडे आपोआप कमी, त्यामुळे शेवटचे थेंब फार कडू होत नाहीत. पर्वतीकर हाताने जे करतात ते इथे स्प्रिंग करते.

धोका एकच, पण मोठा. चाळणीत कॉफी नसेल किंवा फार भरड असेल तर आवळलेल्या स्प्रिंगला अडवणारं काही नसतं, दांडा सुसाट वर येतो. हनुवटी त्या रेषेत नको. पहिला थेंब दिसेपर्यंत मूठ सोडायची नाही, आणि घरात मुलं असतील तर दांडा आवळलेला ठेवून दार उघडायला जायचं नाही.

माईंची_लेक (सातारा)

वय सांगत नाही, उजवा खांदा दुखरा आहे. दुकानात एका हाताने दाबायचं यंत्र करून पाहिलं, जमलं नाही. मग कॅफेलॅट रोबोट घेतला. त्याला दोन्ही बाजूंना हात आहेत, दोन्ही तळव्यांनी वरून खाली दाबायचं. अट्ठावन्न मिलिमीटरच्या चाळणीवर नऊ बार म्हणजे एकूण २४० किलोच्या घरातला भार असं मुलाने गणित मांडून घाबरवलं होतं. पण तो भार तरफेने येतो, माझ्या खांद्यावर नाही. ओटा उंच पडत असेल तर यंत्र जेवणाच्या टेबलावर ठेवून दाबा. अंगाचं वजन वापरायचं, दंड नाही. सहा-सात बारवरही गडद कॉफी सुरेख होते, नऊचा हट्ट कशाला?

शिवाय गडद भाजणीला हे यंत्र आधी तापवत बसावं लागत नाही, उकळतं पाणी थेट चाळणीत. दिवे गेले तरी गॅसवर काम होतं, आमच्याकडे पावसाळ्यात याला किंमत आहे.

दुधाचं विचारणाऱ्यांसाठी : पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं, फेसायला आधी उकळू नका, साय धरलेलं दूध नीट फेसत नाही. फ्रीजमधलं थंड घ्या, ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवत फेसा, पुढे गेलं की चव उतरते. वाफेची नळी नसेल तर काचेचं फ्रेंच प्रेस आहे ना, त्याचा दट्ट्या भराभर खालीवर करा. ‘न उकळता दूध?’ हा प्रश्न आमच्याकडे अजून मिटलेला नाही.

कडूगोड

खूपच छान चाललंय. जुनापुराणा, माझा दट्ट्या हल्ली वर जाताना कुरकुरतो, रबर गेलं का?

जुनापुराणा (नाशिक)

गळत नसेल तर गेलं नाही, कोरडं पडलंय. फूड-ग्रेड सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. खोबरेल किंवा गोडं तेल लावू नका, खवट होतं आणि चिकटतं. ग्रीस लावूनही दट्ट्याच्या वरच्या बाजूने पाणी यायला लागलं तर वायसर बदला, जुना सोबत नेऊन मापाचा घ्या. माझ्या बॉयलरमध्ये बोअरच्या पाण्याने पांढरा थर बसला होता, तो लिंबूसत्त्व (सायट्रिक अ‍ॅसिड) घालून उकळल्यावर सुटला. तुमच्यात बॉयलर नाही, किटलीलाच ते करा.